विशाखाचा पासवर्ड

कराडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात विशाखा बनसोडे पत्रं टाइप करायची. तिला दिसत नव्हतं. संगणक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवी आणि तिची बोटं भराभर चालत. पण तो आवाज सुरू व्हायचा लॉगिन झाल्यावर. त्याआधी सगळं मुकं. म्हणून रोज सकाळी कुणीतरी, बहुतेकदा हेडक्लार्क धुमाळकाका, तिचं नाव निवडून पासवर्ड टाकून द्यायचे. चार वर्षांत तिचा पासवर्ड शिपायापासून सगळ्यांना पाठ झाला होता.

संगणकांच्या देखभालीसाठी नवीन आलेल्या फरीदाने एकदा तिला नुसतंच बसलेलं पाहिलं. कारण कळल्यावर तिने संगणकातल्या लिनक्स प्रणालीची सेटिंग उघडली आणि लॉगिनच्या पडद्यापासूनच आवाज सुरू होईल अशी सोय केली. दहा मिनिटांचं काम.

"हे आजवर कुणाला सांगितलं नाहीत, ताई?"

"सांगितलं की. सगळे म्हणायचे, आम्ही आहोत ना."

संगणक पुन्हा सुरू झाला. हेडफोनमध्ये तिचं नाव आलं, मग ‘पासवर्ड’ असा शब्द. तिने तो स्वतः टाकला. ती फरीदाकडे वळली. मग म्हणाली, "आता हा बदलायचा कसा, तेवढं सांग. आणि मी बदलताना जरा तिकडे बघ."

दुसऱ्या दिवशी धुमाळकाकांनी सवयीने तिचा कीबोर्ड ओढून जुना पासवर्ड टाकला. "चुकीचा म्हणतोय गं. नवा काय ठेवलास?"

"तो मलाच ठाऊक आहे, काका," विशाखा हसून म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."