घड्याळ मागे गेलं तर

आमचा प्रोग्रॅम रोज क्रॅश व्हायचा. कोणत्या रुग्णाला कधी औषध द्यायचं, हे तो हॉस्पिटलच्या नर्सना सांगायचा आणि चालायचा व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या लटक्या संगणकावर. चार दिवस डोकं खाजवल्यावर दोष सापडला. बाहेरचा संगणक झोपून उठला की आतलं घड्याळ तासभर मागे जायचं. आणि घड्याळ मागे गेलं तर थांब, अशी ओळ प्रोग्रॅममध्ये मीच लिहिली होती.

"ओळ काढून टाक," सर म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक येतंय."

"दोन दिवस द्या, घड्याळच दुरुस्त करतो."

"जाऊ दे ना मागे. काम थांबता कामा नये."

दुपारी दोन वाजता, सगळे जेवून आल्यावर, मी स्टुलावर चढलो आणि भिंतीवरचं घड्याळ एकावर आणलं. पाच मिनिटांत कॅन्टीनमध्ये पुन्हा रांग लागली. सगळ्यात पुढे सर होते.

"सर, तुमचं जेवण झालंय."

"एक वाजलाय, दिसत नाही?"

"मी ओळ काढणार नाही, सर. नर्सही अगदी हेच म्हणेल. फक्त तिच्या हातात ताट नसेल, इंजेक्शन असेल."