न धुतलेलं लुगडं

नुकतं जन्मलेलं करडू थंडीनं गारठलं होतं, पण त्याला आचळाला लावू गेलं की शेळी लाथा झाडायची. सयाजीची बायको वारल्यापासून ती कुणालाच शिवू देत नव्हती.

"तिचं लुगडं पांघर," शेजारची गोदाक्का म्हणाली. "चिकाचं दूध पोटात गेलं नाही, तर करडू दुपार बघायचं नाही."

बायकोचं शेवटचं लुगडं सयाजीनं तिच्या वासासाठी न धुता पेटीत जपलं होतं. तरी त्यानं ते डोक्यावरून घेतलं.

"नवरी शोभतोस रे!" गोदाक्का हसली.

शेळीनं पदर हुंगला आणि निमूट उभी राहिली. करडू चुटूचुटू पिऊ लागलं.

लुगडं चिकानं, मुतानं भरलं. "आण, धुऊन देते," गोदाक्का म्हणाली.

सयाजीनं ते नाकाशी धरलं. "राहू दे, आक्का. तिच्या अंगाला हाच वास असायचा."