बिननावाचे गुडघे

“नाव झाकलंस?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यांचीच झाकलीत,” एक्स-रेवाला म्हणाला. “तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी गटातलेही मध्ये मध्ये घातलेत. कोणते ते मीसुद्धा बघितलं नाही.”

“ह्यांचा कितवा ते तुझ्या तोंडावर दिसायला नको.”

“मी भिंतीकडे बघत बसतो. मग तर झालं?”

बाईंचा सगळा जन्म हाडांच्या आणि सांध्यांच्या संशोधनात गेला होता. गुडघ्यांचे एक्स-रे बघायचे, झीज किती ते ठरवायचं, काही वर्षांनी तोच गुडघा पुन्हा बघायचा. नाव मात्र कधीच बघायचं नाही. नाव दिसलं की डोळा मिंधा होतो, असं त्या म्हणायच्या. विद्यार्थी मागून त्यांना ‘बिननावाच्या बाई’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

आज पडद्यावर येणाऱ्या गुडघ्यांमध्ये एक त्यांच्या नवऱ्याचा होता.

नवरा शाळेत पीटी शिकवायचा. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्याला मास्तरच म्हणत. त्याने पहिल्यांदा गुडघा धरला तेव्हा बाईंनी त्याला उडवून लावलं होतं. “माझे दुखत नाहीत? मी बोंबलते का?” पण मग तो दुखण्याने झोपेतून उठायला लागला. झिजलेला गुडघा चालताना दुखतो, पडून राहिलं की बहुतेक गप्प बसतो. पडूनही जो ठणकतो, त्याच्या हाडात काय काय निघू शकतं, ते बाईंनी आयुष्यभर बघितलं होतं. त्या नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. त्यानेही विचारलं नाही. “पोरीला इतक्यात काही कळवू नकोस,” एवढंच म्हणाला.

आता तो त्यांच्या मागे स्टुलावर बसला होता. एका पायाची पँट अजून वर दुमडलेली होती.

“सावकाश बघ गं,” तो म्हणाला. “घाईत नापास करशील.”

“गप्प बसा हो जरा.”

बाई मोठ्याने सांगत गेल्या. “एक. झीज, मध्यम. दोन. झीज बरीच, आणि गुडघ्यात पाणी झालंय. तीन. चांगला आहे.” आवाज रोजच्यासारखाच होता.

आठव्याला त्या थांबल्या. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं होतं.

“आठ,” त्या म्हणाल्या. “ही झीज नाही. हाड खाल्लं गेलंय. गाठ आहे, वाईट आहे.”

मागे स्टूल करकरलं. बाईंनी वळून बघितलं नाही. राहिलेले गुडघे त्यांनी त्याच आवाजात पूर्ण केले आणि मग म्हणाल्या, “आता उघड नावं.”

एक्स-रेवाल्याने पडदा आपल्याकडे फिरवला. तो बराच वेळ बघत राहिला.

“आठ ह्यांचा आहे का?”

“नाही,” तो म्हणाला. “मास्तर दोन नंबरला आहेत.”

“नक्की?”

“नक्की, बाई. मास्तरांना काही नाही.”

बाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले. आधी हसू आलं, मग डोळे पुसावे लागले.

“दोनला काय म्हणालीस तू?” मास्तरांनी विचारलं.

“पाणी झालंय. त्यानेच ठणकतोय. काढून टाकलं की झालं. आणि मैदानावर जाऊन पोरांना पळून दाखवणं बंद.”

“म्हणजे पास?”

“काठावर.”

मास्तरांनी तिथूनच लेकीला फोन लावला. “अगं, तुझ्या आईने मला काठावर पास केलं!” पलीकडून लेक कशाबद्दल म्हणून विचारत राहिली आणि हे नुसतेच हसत राहिले.

एक्स-रेवाला स्वतः जाऊन चहा घेऊन आला. बाईंच्या पुढ्यात कप ठेवून म्हणाला, “बसा निवांत. घाई काय आहे?”

“आजवर ह्याने कुणाला पाणी विचारलं नाही,” मास्तर म्हणाले. “काहीतरी काम आहे ह्याचं तुझ्याकडे.”

बाई हसल्या. चहा त्यांना कित्येक दिवसांनी गोड लागला. त्यांनी तो पूर्ण प्यायला आणि कप बाजूला ठेवला.

“चल, आता त्या आठ नंबरचं बघू. निरोगी गटातला आहे?”

“हो.”

“म्हणजे बिचाऱ्याला पत्ताही नसेल. आजच फोन लाव. मीच बोलते, दुसऱ्या कुणी सांगायला नको.”

एक्स-रेवाला फोनकडे गेला नाही. तो मास्तरांकडे बघत होता.

“बाई,” तो म्हणाला, “निरोगी गटाला माणसं कमी पडली, तेव्हा तुम्हीसुद्धा एक्स-रेच्या टेबलावर झोपला होतात.”