चूक क्रमांक दोनशे

पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं : चूक क्रमांक दोनशे, शून्याने भागाकार. वजनकाट्याचा प्रोग्राम डोळे उघडायच्या आत पुन्हा मेला. बाहेर साखरेचं बीट भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग कारखान्याचं फाटक ओलांडून पार चर्चपर्यंत गेली होती. आत संचालिका ग्रोद्स्काबाई हाताची घडी घालून सेवेरीनच्या मागे उभ्या होत्या.

“सहा वर्षं बिनबोभाट चालला,” त्या म्हणाल्या. “सोमवारी तुम्हाला घरी बसायचं पत्र दिलं, आणि मंगळवारी हा गेला. मोठा स्वामिनिष्ठ हो तुमचा प्रोग्राम!”

“जुना कॉम्प्युटर रविवारी जळाला, बाई. मंगळवारी हा नवा आला. कारण ते आहे, पत्र नाही.”

प्रोग्राम सेवेरीनने एकट्याने लिहिला होता. साखर कारखान्याच्या काट्यावर संशय न घेणारा शेतकरी दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. पण पोलंडच्या या कुयावी भागात सहा हंगामांत एकानेही त्याच्या पावतीकडे बोट दाखवलं नव्हतं. नोकरी गेल्याचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. हे चांगलं नाव तेवढं शाबूत घेऊन घरी जायचं होतं.

“हे यंत्र फार वेगवान आहे,” तो म्हणाला. “प्रोग्राम सुरू होताना आधी यंत्राचा वेग मोजतो. इथे तो आकडा एवढा मोठा निघतो, की मावतच नाही, आणि सगळं कोसळतं. तो तुकडा मी लिहिलेलाही नाही. पास्कल या प्रोग्रामच्या भाषेत लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा कंपायलर असतो, त्याच्याबरोबर तो येतो.”

“म्हणजे चांगलं यंत्र घेतलं हा माझा गुन्हा. आणि ते शून्य कुठाय?”

“शून्य नाहीच. आकडा मावला नाही तरी यंत्र तसंच म्हणतं, एवढंच.”

“वा! तुम्ही खरे आणि यंत्र खोटं.”

सेवेरीनने खणातून कागदांची चळत काढली. पास्कलवाले जगभरातून नेहमी विचारतात त्या प्रश्नांची ती यादी होती, उत्तरांसकट. त्याने बोट ठेवलं. “बघा, पहिलाच प्रश्न. प्रोग्राम नव्या यंत्रावर सुरू होताच का मरतो? खाली दुरुस्तीही दिलीय. दोन मिनिटांचं काम आहे.”

यादी इंग्रजीत होती. बाईंच्या शाळेत परकी भाषा म्हणून फक्त रशियन शिकवत. पण कोपऱ्यातली तारीख कुठल्याही भाषेत वाचता येते.

“चौदा सप्टेंबर,” त्या सावकाश म्हणाल्या. “आज नोव्हेंबर. म्हणजे तुम्हाला दोन महिने आधीच ठाऊक होतं.”

“मी असलं सगळंच वाचतो, बाई. आपल्याकडे नवं यंत्र येईल असं स्वप्नातही…”

“हात लावू नका त्याला! आत काय पेरून ठेवलंय ते आधी दाखवा. कुठल्या ओळीत, तेही. नाहीतर मी पोलिसांना बोलावते.” आणि त्या फोनचा नंबर शोधायला शेजारच्या खोलीत गेल्या.

संतापाने सेवेरीनचे कान तापले. काट्यावर काम करणाऱ्या लुत्सिनाने चहाचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

“बाईंना एक चूक हवीय. देऊन टाका की.”

“चूक नाहीये त्यात, लुत्सिना. एकही नाही.”

“नसेना का! चूक झाली म्हणालात तर लोक म्हातारा म्हणतील. नाही म्हणालात तर चोर म्हणतील. बघा बाबा, काय परवडतं ते.”

सेवेरीनने चहा तसाच ठेवला. सात हजार ओळींमधून तो खाली खाली जात राहिला. शेवटी पावतीवर तारीख छापणारी एक निरुपद्रवी ओळ त्याने निवडली. बाई परत आल्या तेव्हा त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

“इथे. इथे मी चुकलो. घाईत लिहिलं होतं.”

“मुद्दाम?”

“नाही. अक्कल कमी पडली.”

बाईंनी तेच त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, सहीसकट. मग त्याने ती ओळ पुसून होती तशीच पुन्हा लिहिली, आणि यादीतली दुरुस्ती गुपचूप करून टाकली. प्रोग्राम सुरू झाला. काट्यावरच्या ट्रॅक्टरचं वजन पडद्यावर आलं.

“पहिल्यांदाच सांगितलं असतंत तर!” बाईंचा चेहरा उजळला. “चुका माणसांच्याच हातून होतात, सेवेरीन. मी काही राक्षसीण नाही.” त्यांनी पावत्या द्यायची खिडकी सताड उघडली. नवं यंत्र त्यांनीच पसंत केलं होतं, ते निर्दोष सुटल्याचं सगळ्या रांगेला कळायला हवं होतं. “चला, सुरू झालं! यंत्रात काही नव्हतं बरं का. प्रोग्राममध्ये चूक होती!”

खिडकीशी म्हातारा मातुशाक थंडीने हात चोळत उभा होता. “नवीन चूक?”

“छे हो! पहिल्यापासूनची. यांनी स्वतः लिहून दिलंय.” बाईंनी कागद फडकावला.

मातुशाकचे हात थांबले. “पहिल्यापासून म्हणजे सहा वर्षं?”

“स… सहा.”

“सहा वर्षं आमचं बीट चुकीच्या काट्यावर तोललंत?”

उत्तराला तो थांबलाच नाही. मागच्या ट्रॅक्टरपाशी जाऊन काहीतरी बोलला. तो माणूस उतरून त्याच्या मागच्याकडे गेला. एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं, मग तिसरं. चर्चच्या दिशेने रांग शांत होत गेली.

ग्रोद्स्काबाई हातातला कागद तसाच धरून सेवेरीनकडे वळल्या.

“बसलात काय असे? सांगा ना त्यांना,” त्या म्हणाल्या, “तुमच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती म्हणून!”