जुना पासवर्ड कोण टाकतंय?

माजलगावच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे सगळे रिपोर्ट एकाच सर्व्हरवर असतात. सकाळी मी त्याचा ॲडमिन पासवर्ड बदलला आणि तीनदा चुकला की लॉगिन बंद, असा कडक नियमही घातला. पाचच मिनिटांत लॉगिन बंद पडलं आणि एकही रिपोर्ट उघडेना. सर्व्हरच्या नोंदीत दिसलं, कोणीतरी दर मिनिटाला जुना पासवर्ड टाकत होतं.

समोर अजिनाथ उभा होता. त्याच्या आईचं ऑपरेशन रिपोर्टसाठी थांबलं होतं आणि सर्जन दोनला बीडला निघणार होते.

"भाऊ, व्हईल ना?"

"शास्त्रीय पद्धतीनं शोधतो," म्हणत मी एकेक संगणक बंद करायला लावला. काउंटरचा, तपासणीचा, शेवटी रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टर मॅडमचासुद्धा. प्रत्येकाकडे संशयानं पाहिलं. जुना पासवर्ड येतच राहिला.

रक्ताचे नमुने घेणाऱ्या महादेवीताई म्हणाल्या, "सर, समद्यांचे बंद केले. तुमचा लॅपटॉप कावून चालू हाय?"

त्यातला माझाच बॅकअपचा प्रोग्राम इमानेइतबारे जुना पासवर्ड टाकत होता. तो थांबवल्यावर लॉगिन उघडलं आणि पावणेदोनला अजिनाथ रिपोर्ट घेऊन पळाला.

&nbsp;

संध्याकाळी मालकांना पाठवायच्या अहवालात मी लिहिलं: 'सर्व्हरवरचा हल्ला परतवून लावला.'