कुत्र्यांची यादी

टेबलावर निळ्या झाकणाच्या साठ डब्या होत्या आणि लाल झाकणाच्या चाळीस. निळ्या माणसांसाठी, लाल कुत्र्यांसाठी. बाकांवर बायका अकरा. दाराबाहेर त्यांच्या चपला एकवीस. एक कुणीतरी पळवली होती, बहुधा कुत्र्यानेच. घाटकोपरच्या टेकडीवर, मंडळाच्या खोलीत बसून अपूर्वाने हे सगळं मोजलं, कारण डॉक्टर श्यामसुंदर बोलत असताना वर बघायची तिला लाज वाटत होती.

"तुमच्या वस्तीमुळे आपला शोधनिबंध परदेशात छापून आला," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी अकरा पानं हवेत धरली. "माणसं आणि कुत्री, दोघांच्या पोटात एकच जंत. हे इथे पहिल्यांदा सिद्ध झालं. आता दुसरा टप्पा. पुन्हा नमुने द्यायचे."

टाळी कुणी वाजवली नाही. तिसऱ्या बाकावरून सुगंधा उठली. तिच्या खांद्याला धरून तिची मुलगी ऋतिकाही उठली, आणि लगेच खाली बसली.

"साहेब, आमच्या तिन्ही कुत्र्यांचा रिपोर्ट आला," सुगंधा म्हणाली. "गाडी आली, दोन पोरं उतरली, शेरू, मोत्या, काळी अशी नावाने हाक मारून गोळ्या चारल्या. जंत आहेत म्हणाली. हिचा रिपोर्ट खंय?"

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांची सहायक म्हणून दारोदार फिरून शौचाचे नमुने अपूर्वानेच गोळा केले होते. प्रत्येक दारात तेच वाक्य: काही सापडलं तर कळवू, ताई.

"त्याचं असं आहे," डॉक्टर म्हणाले, "माणसांची नावं आम्ही तपासणीच्या आधीच काढून टाकतो. फक्त नंबर राहतो. तुमची गुप्तता जपायची असते. आरोग्य खात्याला टक्केवारी कळवली आहे."

"आणि कुत्र्यांची नावं?"

"कुत्र्यांना तो नियम नाही. प्राण्यांच्या एका संस्थेने यादी मागितली, आम्ही दिली."

मागच्या बाकावरून लता हसली. "मग आता पोरांच्या गळ्यातपण पट्टे बांधूया गो! निदान गोळी तरी मिळंल."

सुगंधा हसली नाही. "तुम्ही बोललात, सापडलं तर कळवू. कळवलं नाही म्हणजे काही नाही, असं मी धरून चालले. दीड वर्ष हिला टॉनिक पाजतेय. शाळेत जंताची गोळी वाटली त्या दिवशी ही चक्कर येऊन घरी पडलेली. मी म्हटलं, जाऊ दे, हिचं पोट तर मोठ्या डॉक्टरांनी तपासलंय."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. अपूर्वाने ते पाहिलं. तिने त्यांच्या हातातली पानं ओढून घेतली. मोबाइलवर कुत्र्यांची यादी उघडली.

यादीत तीन कुत्री असलेलं घर एकच होतं, सुगंधाचं, खोली क्रमांक एक्केचाळीस. निबंधातल्या तिसऱ्या तक्त्यात एकशे बारा माणसं होती, बिननावाची. पण प्रत्येकापुढे लिंग आणि वय होतं, घरात कुत्री किती तेही होतं. तीन कुत्री असलेल्या घरातलं मूल एकच. मुलगी, वय आठ. शेवटच्या रकान्यात, एका ग्रॅममध्ये जंतांची अंडी: सहा हजार दोनशे. चार हजारांच्या वर तीव्र लागण, असं तक्त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं. ते वाक्य अपूर्वानेच लिहिलं होतं.

"सापडली," ती म्हणाली.

"अपूर्वा." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "ओळख उघड करता येत नाही. तुला माहीत आहे."

"दोन मिनिटं लागली, सर. दीड वर्षात दोन मिनिटं नव्हती आपल्याकडे?"

"म्हणजे होते?" सुगंधाने विचारलं.

"होते, ताई. आतड्याला चिकटून रक्त पितात. एकशे बारा जणांत सगळ्यात जास्त हिलाच."

सुगंधा पुढे आली. डॉक्टर अर्धं पाऊल मागे सरले. तिने त्यांना हातही लावला नाही. टेबलावरची एक निळी डबी उचलली आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात खुपसली.

"धरा. आधी तुमचा नमुना द्या. नाव आम्ही कोणाला सांगणार नाही."

अपूर्वाने बॅगेतून रक्त तपासायचं छोटं यंत्र काढलं. दुसऱ्या टप्प्यासाठी ते नवीन आलं होतं.

"संमतिपत्रावर सही नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी सही, मग नंबर, मग..."

"मी आई आहे तिची," सुगंधा त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "तू मोज गं."

ऋतिकाने हात पुढे केला. सुई टोचली तेव्हा तिने बोट मागे घेतलं नाही, ओरडलीही नाही, नुसती बघत राहिली. थेंब यायला वेळ लागला. आला तो फिका होता.

"किती पायजे?" लताने विचारलं.

"साडेअकरा."

यंत्र मोजेपर्यंत अपूर्वाने निबंध उलटा केला आणि शेवटच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर आधी नाव लिहिलं. ऋतिका. वय नऊ. खोली क्रमांक एक्केचाळीस.

हिमोग्लोबिन ५.१.