कण्यांची पेज
रत्नागिरीच्या खाद्यमहोत्सवात कण्यांची पेज विकायला दर्शनाने चकचकीत घासलेल्या करवंट्या आणल्या होत्या. लोक फोटो काढतात म्हणे. तिच्या सासूने, चंपाबाईंनी, त्या सगळ्या टेबलाखाली ढकलल्या आणि घरचे चिनीमातीचे वाडगे मांडले. सात वर्षांच्या असताना त्या खोतांच्या मागीलदारी करवंटी घेऊन बसायच्या. विटाळ नको म्हणून पेज हातभर उंचावरून ओतली जाई, तीही वरचं पाणीच. कण्या कधी दाताखाली आल्या नाहीत. "ओळखलंत का, आजी? मी खोतांचा नातू," पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं. चंपाबाईंनी डाव तळापर्यंत फिरवला, वाडगा काठोकाठ भरला, वर भाजलेला सुका बांगडा ठेवला आणि त्याच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. "बापरे, केवढी दाट! आमच्याकडे गड्यांना पातळ द्यायचे म्हणतात." "द्यायचे," चंपाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "आमच्यात मात्र तळापास्नं ढवळून हातात देतात, बाळा."